सहा स्वर, तीन राग

(पुण्यातील संगीतप्रेमी कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

पुण्यातील मध्यमवर्गीय घरात पेटी असणे ही नवलाची गोष्ट नाही. कुठे ती आजोबांच्या काळापासून कोपऱ्यात आहे, कुठे नातीच्या गाण्याच्या परीक्षेसाठी अलीकडे आणलेली आहे. अशा एखाद्या पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरावा आणि क्रमाने काळी एक, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी सहा आणि पांढरी सात या पट्ट्या दाबाव्यात. षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद असे सहा स्वर कानी येतील. पंचम त्यात नाही. वाजवणाऱ्याने मग शेजारी बसलेल्या जाणकाराला विचारावे, ‘हा कोणता राग?’

खरा जाणकार असेल तर तो उत्तर देणार नाही. कारण हे सहा स्वर मारव्याचे आहेत, पूरियाचे आहेत आणि सोहनीचेही आहेत. कर्नाटक संगीतातील हंसानंदी रागातही हेच सहा स्वर येतात. साहित्य एकच, परंतु त्यातून उभी राहणारी घरे वेगवेगळी. मावळतीच्या वेळी मारवा ऐकून अस्वस्थ झालेला रसिक आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी सोहनीने मोहरलेला रसिक, हे दोघे एकाच स्वरसमूहाने भारले गेले होते, हे सांगितले तर संगीताचा परिचय नसलेल्या माणसाला ते पटणेही कठीण.

राग म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच स्वरांच्या यादीत सापडत नाही. ते कुठे सापडते, हे या तीन भावंडांकडे पाहिले की स्पष्ट होते.

लक्षणांची प्राचीन परंपरा

स्वरसमूहाला व्यक्तिमत्त्व कशाने प्राप्त होते, याचा विचार भारतात फार जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ‘राग’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झालेला नव्हता. तिथे ‘जाती’ आहेत. पण त्या जातींची जी दहा लक्षणे भरताने सांगितली, ती आजच्या कोणत्याही रागाला लावून पाहता येतात. ग्रह म्हणजे आरंभाचा स्वर, अंश म्हणजे प्राणभूत स्वर, न्यास म्हणजे विसाव्याचा अंतिम स्वर, अपन्यास म्हणजे मधल्या विसाव्याचा स्वर. मंद्र आणि तार या दोन मर्यादा. अल्पत्व आणि बहुत्व, म्हणजे कोणत्या स्वराला ओझरता स्पर्श करायचा आणि कोणावर भर द्यायचा. आणि षाडव व औडव, म्हणजे सहा स्वरांचे रूप आणि पाच स्वरांचे रूप.

पुढे तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात या लक्षणांत आणखी तिनांची भर पडली. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की हा ग्रंथ देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, राजा सिंघणाच्या काळात लिहिला गेला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचे आजोबा दक्षिणेत आले. उत्तरेकडील विद्या महाराष्ट्राच्या भूमीवर स्थिरावली आणि येथून ती साऱ्या देशाची झाली. पुढील शतकांत उत्तर आणि दक्षिण या दोन्ही पद्धतींच्या ग्रंथकारांनी ‘संगीतरत्नाकरा’चा आधार घेतला.

ही लक्षणे नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांपैकी बहुतेक लक्षणे ‘कोणते स्वर’ हे सांगतच नाहीत. ती ‘स्वरांशी कसे वागावे’ हे सांगतात. कुठून निघावे, कुठे थांबावे, कोणाला मान द्यावा, कोणाच्या दारावरून नुसते पुढे जावे. गायकांच्या व्यवहारात यालाच रागाचे ‘चलन’ म्हणतात. माणसाची ओळख त्याच्या नाकाडोळ्यांपेक्षा त्याच्या चालण्या-बोलण्यातून अधिक पटते; रागाचेही तसेच आहे.

मारवा : षड्जापासून दूर

या तिघांत मारवा सर्वांत कठीण मानला जातो, आणि ते सकारण आहे. हिंदुस्थानी संगीतात षड्ज हे घर. गायक कुठेही फिरून आला तरी षड्जावर आल्यावर त्याला आणि श्रोत्याला विसावा मिळतो. मारव्यात हा विसावाच लांबणीवर टाकलेला असतो. कोमल ऋषभ हा त्याचा वादी आणि शुद्ध धैवत हा संवादी. मंद्र निषादावरून गायक थेट ऋषभावर येतो, गांधाराला जाऊन पुन्हा ऋषभावर परततो, धैवतावर थांबतो आणि षड्ज चुकवत राहतो. श्रोत्याचे कान घराची वाट पाहत असतात आणि दार उघडत नाही. पुष्कळ वेळाने षड्ज लागतो, तेव्हा सभागृहातून जो निःश्वास उमटतो, तो मारव्याचा खरा गौरव होय.

यात शास्त्राच्या दृष्टीनेही एक विलक्षण गोष्ट आहे. वादी आणि संवादी या स्वरांत चतुर्थ किंवा पंचम भावाचे नाते असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. पेटीवर मोजायचे तर एका स्वरापासून दुसरा पाच किंवा सात पट्ट्यांवर यावा, काळ्या-पांढऱ्या दोन्ही पट्ट्या धरून. मारव्यात कोमल ऋषभापासून शुद्ध धैवत आठ पट्ट्यांवर येतो. नियमाने पाहता ही जोडी जुळत नाही. परंतु परंपरेने ती तशीच राखली, कारण या न जुळण्यातच मारव्याचा प्राण आहे. जी अस्वस्थता सूर्यास्ताच्या वेळी कारण नसताना मनाला स्पर्श करून जाते, ती याच अंतरातून येते. तंबोऱ्यावरही पंचमाला स्थान नाही. पहिली तार बहुधा निषादात मिळवली जाते. गायकाला आधार देणारा पंचम नाही आणि षड्जावर बसण्याची मुभा नाही, अशा स्थितीत ऋषभ आणि धैवत अचूक लावणे ही सुरांची कठोर परीक्षा असते.

मारव्याचा विषय निघाला की पुणेकरांना वसंतराव देशपांडे आठवतात. १९२० साली विदर्भातील मूर्तिजापूर येथे जन्मलेले वसंतराव तरुणपणी लाहोरला गेले आणि तिथे असद अली खाँ यांच्याकडून त्यांना मारवा मिळाला. गुरूने अनेक राग न शिकवता या एकाच रागावर दीर्घकाळ घासून घेतले, असे रसिकांत आजही सांगितले जाते. तपशील काहीही असोत, तात्पर्य खरे आहे. षड्जाचा आधार न घेता जो सुरात राहू शकला, त्याला इतर रागांतील घर सापडायला वेळ लागत नाही. हे वसंतराव पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात अनेक वर्षे नोकरी करीत होते. दिवसा कचेरीतील आकडे आणि सायंकाळी स्वर, अशी त्यांची साधना होती. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेने ते घरोघरी पोहोचले. पण जाणकारांच्या स्मरणात त्यांचे नाव मारव्याशी कायमचे जोडलेले राहिले. १९८३ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले.

मारव्याची दुसरी थोर आठवण म्हणजे उस्ताद अमीर खाँ. त्यांच्या लाँग प्ले ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. तिच्या एका बाजूच्या मोजक्या मिनिटांत त्यांनी जी शांत, संथ बढत केली, ती ऐकून पुढच्या पिढीतील कितीतरी गायक-वादकांनी मारव्याकडे नव्या दृष्टीने पाहिले. शास्त्रीय संगीत न ऐकणाऱ्या मराठी माणसाच्या कानांवरही मारवा आलेला असतोच. मावळत्या सूर्याला उद्देशून लिहिलेल्या भा. रा. तांबे यांच्या कवितेला हृदयनाथ मंगेशकर यांनी मारव्याच्या स्वरांत बांधले आणि लता मंगेशकर यांच्या कंठाने ते गीत अजरामर झाले. शब्द आणि वेळ आणि राग तिन्ही एकरूप होतात, ते असे.

पूरिया : आत वळलेला

मारव्याचेच सहा स्वर, वेळही तीच सायंकाळची. तरी पूरिया वेगळा. येथे ऋषभ आणि धैवत मागे सरतात आणि गांधार व निषाद पुढे येतात. गांधार वादी, निषाद संवादी. पेटीवर मोजले तर गांधारापासून निषाद बरोबर सात पट्ट्यांवर येतो. म्हणजे येथे नाते जुळले आहे. त्यामुळे मारव्यातील तो ताण पूरियात नाही. त्याचे गांभीर्य शांत आहे, एकाग्र आहे.

पूरियाचा जीव मंद्र सप्तकात रमतो. मंद्र निषाद आणि मंद्र धैवत यांच्या आसपास गायक जितका अधिक काळ राहील तितका पूरिया खुलतो. मध्य सप्तकात मध्यम, धैवत, गांधार, मध्यम, गांधार अशा वळणाने येणारी स्वरसंगती ही त्याची खूण. मारव्यातील गायक ऋषभावर थांबला तर श्रोता बेचैन होतो. पूरियातील गायक गांधारावर थांबला की श्रोता डोळे मिटतो. थांबण्याची जागा दोन पायऱ्यांवरून तीनांवर गेली आणि सारे घर बदलले.

येथेच विद्यार्थ्याची पंचाईत होते. पूरिया गाताना ऋषभावर क्षणभर अधिक रेंगाळले की मारव्याची छाया पडते. मारवा गाताना गांधार-निषादाला अधिक मान दिला की पूरिया डोकावतो. एकही स्वर चुकीचा लागलेला नसतो, तरी राग बिघडलेला असतो. चुकीचा स्वर कोणालाही कळतो. योग्य स्वर अयोग्य जागी लांबला, हे कळायला मात्र संस्कारित कान लागतो.

पुण्याच्या रसिकांना पूरियाचा हा अंतर्मुख भाव किराणा घराण्याच्या गायकांकडून भरभरून लाभला. स्वराला शांतपणे, कणाकणाने वाढवत नेण्याची या घराण्याची रीत पूरियाच्या स्वभावाला मानवणारी आहे. अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी, अशी ही परंपरा या नगरीत रुजली. भीमसेनजींच्या पूरियाची ध्वनिमुद्रणे आजही उपलब्ध आहेत. केवळ मंद्र निषाद ते कसा लावतात आणि तेथून गांधारावर कसे येतात, एवढेच लक्ष देऊन ऐकले तरी पूरियाचे अर्धे शास्त्र उमगते.

सोहनी : रात्रीच्या अखेरीची

तिसरे भावंड या दोघांहून निराळे. मारवा मध्य सप्तकात वावरतो, पूरिया मंद्रात उतरतो; सोहनी उंच तार षड्जाकडे झेपावते. धैवत वादी, गांधार संवादी. आरोहात ऋषभ वर्ज्य असल्यामुळे षड्जावरून थेट गांधार, मध्यम, धैवत, निषाद अशी झेप घेत ती तार षड्जावर जाऊन पोहोचते आणि तिथेच रमते. ज्या षड्जाला मारव्याने दूर ठेवले, त्याच षड्जाचे वरचे रूप सोहनीने आपले निवासस्थान केले.

तिचा स्वभाव चंचल आहे. अतिविलंबित लयीतला दीर्घ विस्तार तिला फारसा मानवत नाही. मध्य आणि द्रुत लयीतील बंदिशी आणि ठुमरी तिला शोभतात. शृंगार आणि विरह हे तिचे विषय. १९६० साली प्रदर्शित झालेल्या ‘मुघल-ए-आझम’ या चित्रपटात उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांनी गायलेली सोहनी देशभर पोहोचली. चित्रपटगृहात बसलेल्या हजारो प्रेक्षकांना रागाचे नाव ठाऊक नव्हते. पण पडद्यावरची रात्र ओसरत आली आहे, हे त्यांना त्या स्वरांनी सांगितले होते.

वादी स्वर आणि घड्याळ

सहा स्वर समान असताना मारवा-पूरिया सायंकाळी आणि सोहनी उत्तररात्री का, याचे सुसंगत उत्तर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी मांडले. १८६० साली मुंबईत जन्मलेल्या आणि वकिली शिकलेल्या या विद्वानाने देशभर हिंडून उस्तादांकडून आणि पंडितांकडून बंदिशी मिळवल्या, त्यांचे स्वरलेखन केले, रागांची दहा थाटांत विभागणी केली. क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा गुरु-शिष्य संवादाच्या रूपातील बृहद्ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, याचे स्मरण प्रत्येक मराठी माणसाने ठेवले पाहिजे. हिंदुस्थानी संगीताचे आधुनिक शास्त्र मूळ मराठी भाषेतून अवतरले.

भातखंडे यांनी प्रचारातील रागांवरून असा नियम दाखवून दिला, की ज्या रागाचा वादी स्वर सप्तकाच्या पूर्वार्धात येतो तो साधारणतः दुपारी बारा ते रात्री बारा या काळात गायला जातो, आणि ज्याचा वादी उत्तरार्धात येतो तो मध्यरात्रीपासून पुढच्या दुपारपर्यंत. मारव्याचा वादी ऋषभ आणि पूरियाचा गांधार, दोन्ही पूर्वार्धात. म्हणून ते सायंकाळचे. सोहनीचा वादी धैवत, उत्तरार्धात. म्हणून ती उत्तररात्रीची. जणू दिवस पुढे सरकतो तसा स्वरांचा भार खालून वर चढत जातो.

हा नियम निसर्गाचा कायदा आहे, असा दावा करण्याचे कारण नाही. कर्नाटक पद्धतीत वेळेचे बंधन इतके कडक नाही आणि त्यामुळे तेथील संगीत उणे ठरत नाही. हिंदुस्थानी पद्धतीतही भैरवी हा सकाळचा राग मैफलीच्या सांगतेचा म्हणून कोणत्याही वेळी गायला जातो. वेळ ही परंपरेने घातलेली मर्यादा आहे. पण मर्यादा मानवनिर्मित असली म्हणून ती निरर्थक ठरत नाही. पिढ्यानुपिढ्या विशिष्ट वेळी विशिष्ट राग ऐकल्यामुळे समाजाच्या स्मरणात त्या वेळेचा आणि त्या स्वरांचा एक बंध तयार झाला. मारव्याचा ऋषभ लागला की दिवेलागणी आठवावी, हे त्या बंधाचे फळ आहे. सारख्या स्वरांचे राग एकमेकांपासून वेगळे राखण्यातही या बंधाचा मोठा वाटा आहे.

पुस्तकातला तक्ता आणि गुरूचा कंठ

संगीताची विद्या घरोघरी नेण्यात महाराष्ट्राचे कार्य अतुलनीय आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून प्रतिष्ठित घरांतील मुला-मुलींना संगीताचे दार उघडले. पुण्यात भास्करबुवा बखले यांनी १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना केली, तर पलुसकरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्याचे गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि ‘रागविज्ञान’ ग्रंथमालेचे सात भाग लिहून विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. ज्या समाजात गाणे शिकणे हे कुलीन मुलींसाठी अशोभनीय मानले जात होते, तोच समाज दोन-तीन पिढ्यांत आपल्या लेकींना तंबोरा देऊ लागला. हे परिवर्तन शांतपणे आणि संस्थांच्या बळावर घडले.

आज संगीताच्या परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांना समप्रकृतिक रागांची तुलना करावी लागते. मारवा, पूरिया आणि सोहनी हे त्यातले नेहमीचे त्रिकूट. विद्यार्थी तक्ता पाठ करतो : थाट मारवा, वर्ज्य पंचम, वादी अमुक, संवादी तमुक, वेळ अमुक. तक्ता बिनचूक असतो, गुणही मिळतात. पण त्या विद्यार्थ्याने सोहनी कधी रात्रीच्या अखेरच्या प्रहरी ऐकलेली असते काय? मारव्याचा ऋषभ त्याने एखाद्या सायंकाळी, दिवा न लावता, तंबोऱ्यावर पाच मिनिटे धरून पाहिलेला असतो काय? तक्ता हा नकाशा आहे. नकाशा पाठ असणाऱ्याने गाव पाहिलेले असतेच असे नाही.

भातखंडे किंवा विनायकबुवा यांचा ग्रंथांवर विश्वास होता, तरी त्यांनी ग्रंथाला गुरूच्या जागी बसवले नाही. स्वरलेखनात कोमल ऋषभ एकच चिन्ह दाखवतो. तो किती लांबवायचा, त्यावर कोणत्या बाजूने यायचे, तिथे बळ द्यायचे की अलगद टेकायचे, हे चिन्ह सांगू शकत नाही. ते गुरूच्या कंठातून शिष्याच्या कानात उतरते. आता तर यंत्रावरचा तंबोरा खिशातल्या भ्रमणध्वनीत आला आहे आणि थोर कलावंतांची ध्वनिमुद्रणे क्षणात ऐकता येतात. पूर्वीच्या पिढीने ज्यासाठी शेकडो कोसांची पायपीट केली, ते आज घरबसल्या लाभते. ही सोय वाईट मुळीच नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या पिढीने तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीतही रागाचे रूप उभे करून दाखवले होते. माध्यम छोटे असल्याने राग छोटा होत नाही. प्रश्न ऐकणाऱ्याच्या धीराचा आहे. मारव्याचा षड्ज ज्याने वाट पाहून मिळवला नाही, त्याला तो कधीच मिळाला नाही.

रात्रीचे दहा वाजल्यानंतर

या साऱ्याचा पुण्याशी एक आणखी जवळचा संबंध आहे. १९५२ साली सवाई गंधर्व निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून भीमसेनजींच्या पुढाकाराने पुण्यात जो संगीत महोत्सव सुरू झाला, तो आर्य संगीत प्रसारक मंडळाने देशातील अग्रगण्य महोत्सवांच्या पंक्तीला नेला. अनेक वर्षे शनिवार पेठेतील रमणबागेच्या पटांगणावर, डिसेंबरच्या थंडीत, शाली-कानटोप्या आणि चहाचे थर्मास घेऊन पुणेकर कुटुंबे रात्र-रात्र बसत. सायंकाळचे राग सरत, रात्रीचे राग येत, मध्यरात्र उलटे, आणि पहाटेच्या रागांनी पूर्व उजळे. वडिलांच्या मांडीवर झोपलेले मूल मध्येच जागे होई आणि त्याच्या कानांवर अशा वेळचा राग पडे, की जो त्याने एरवी कधीच ऐकला नसता. ते शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू झाले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागेत ध्वनिवर्धकाला मनाई झाली. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला मिळाला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या नियमांवर शिक्कामोर्तब केले. रुग्ण, वृद्ध, अभ्यास करणारी मुले यांच्या दृष्टीने हा नियम न्याय्य आहे आणि नागरिकाने तो पाळलाच पाहिजे. महोत्सवाची रचना त्यानुसार बदलली. २०१८ पासून तो मुकुंदनगरला भरू लागला. सत्रे दुपारी सुरू होऊन रात्री संपतात. भीमसेनजी २०११ साली गेले, पण त्यांनी लावलेला हा वृक्ष बहरतोच आहे.

या बदलाने मारवा आणि पूरिया यांचे काही बिघडले नाही. उलट सायंकाळच्या सत्रात त्यांना हक्काची जागा आहे. पण रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत जे राग राहतात, ते खुल्या मंचावरून हळूहळू ओसरले. सोहनी त्यांतलीच एक. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांनी सकाळच्या रागांना हात दिला, हे खरे. पण सोहनीची वेळ उजाडण्याआधीच संपलेली असते. ती गायली जाते, नाही असे नाही. कधी सायंकाळच्या मैफलीत एखादी द्रुत बंदिश म्हणून येऊन जाते. मात्र ज्या श्रोत्याने मारवा आणि सोहनी दोन्ही सायंकाळी सातलाच ऐकले, त्याच्या मनात दोहोंतील भेदाची एक मोठी खूण पुसली जाते. मग उरतो तो पुस्तकातला तक्ता.

घर हीच पहिली बैठक

यावर उपाय काय? नियमाविरुद्ध तक्रार करणे हा उपाय नव्हे. हा नियम खुल्या जागेतील ध्वनिवर्धकासाठी आहे. शेजाऱ्याला त्रास न देता घरात गुणगुणण्याला नाही. राग मुळात ध्वनिवर्धकासाठी जन्माला आलेलाच नाही. तो दहा-वीस माणसांच्या बैठकीत, एका तंबोऱ्याच्या आणि एका तबल्याच्या साथीने वाढला. ती बैठक पुण्याच्या वाड्यांत होती. वाडे गेले, तरी सदनिकेच्या दिवाणखान्यात ती पुन्हा भरू शकते. सोसायटीचे बंदिस्त सभागृह आहे, परिसरात संगीत शिकवणारे शिक्षक आहेत, तयारीचे विद्यार्थी आहेत आणि त्यांना ऐकणाऱ्यांची गरज आहे. महिन्यातून एक सायंकाळ ठरवून, दूरदर्शन संच बंद ठेवून, घरातील तीन पिढ्यांनी एकत्र बसून एकच राग ऐकला, तर वर्षभरात बारा रागांची ओळख होते. मुलांना व्याख्या सांगण्याची घाई नको. आज गवई कुठे थांबला आणि कुठे थांबला नाही, एवढेच त्यांना विचारावे. त्या एका प्रश्नात भरतमुनींची न्यास आणि अपन्यास ही लक्षणे सामावलेली आहेत.

आणि सोहनीसाठी पुण्याच्या घरांत एक रात्र राखीव आहेच. आश्विन पौर्णिमेला, कोजागरीच्या रात्री, गच्चीवर दूध आटते, चांदणे पडलेले असते, सारे कुटुंब जागे असते. लक्ष्मी त्या रात्री ‘कोण जागे आहे’ असे विचारत फिरते, अशी श्रद्धा आहे. दूध आटोपते, मुले पेंगुळतात, गप्पा मंदावतात आणि मध्यरात्र बरीच उलटून जाते. तेव्हा खाली उतरून, खोलीचे दार लोटून, कोणीतरी तंबोऱ्यावर हलक्या आवाजात तार षड्जाकडे झेपावणारे ते सहा स्वर लावावेत. सायंकाळी याच सहा स्वरांनी मारवा गायला होता, हे जाग्या असलेल्या एखाद्या मुलाला आपोआप ओळखता आले, तर त्याला राग म्हणजे काय हे कळले असे खुशाल समजावे.